कोयता आणि त्याचे म्यान

(द्वितीय वर्ष, कला)

महाविद्यालयात आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका मैत्रिणीने मला विचारले, "तुझे आईवडील काय करतात गं?" मी सहज उत्तर दिले, "आमचा एक कोयता आहे." ती दचकली आणि जरा मागे सरकली. तिचा दोष नाही. गेल्या काही वर्षांत पुण्याकडच्या वर्तमानपत्रांतून 'कोयता गँग' हा शब्द इतक्या वेळा छापून आला आहे, की कोयता म्हटले की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर मारामारीच उभी राहते.

आमच्या पाथर्डी तालुक्यात मात्र 'एक कोयता' म्हणजे एक नवराबायको. तो ऊस तोडतो, ती मोळी बांधते. कधी ती तोडते, तो गाडी भरतो. एकटा माणूस असेल तर तो 'अर्धा कोयता'. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर आणि टोळी मोजतो तीही कोयत्यावर. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे म्हणतात. पण आमच्याकडे एका कोयत्यात दोन माणसे राहतात, आणि बहुतेक वेळा त्यांची पोरेही!

ज्या वस्तूच्या नावाने माझे आईवडील मोजले जातात ती वस्तू कशी बनते, हे मला एकोणिसाव्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते शिकले. जे पाहिले आणि केले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे.

आमच्या जिल्ह्याची दोन तोंडे

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याला दोन तोंडे आहेत. एक प्रवरा-गोदावरीच्या पाण्याचे, दुसरे कोरडे. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ च्या हंगामात त्याचे गाळप सुरू झाले. पुढे कारखाने वाढले, ऊस वाढला आणि तो तोडायला हात लागले. ते हात पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या कोरड्या भागातून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून येऊ लागले. दसरा-दिवाळीला गाव रिकामे होते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा भरते.

हत्यार घडवण्याची कला या मातीला नवीन नाही. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. तेथे सापडलेल्या संस्कृतीला आज जगभर 'जोर्वे संस्कृती' म्हणूनच ओळखतात. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचे हे लोक तांबे वापरत, पण तांबे दुर्मिळ. म्हणून रोजच्या कापाकापीसाठी गारेच्या दगडाची पातळ पाती काढीत. नेवासे येथील उत्खननातही अशी दगडी पाती मिळाली. आपल्या जिल्ह्यातली पहिली सुरी ही अशी दगडाची होती. लोखंड त्यानंतर आले आणि त्याबरोबर लोहार आला. त्रिं. ना. आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे; त्या बारा बलुतेदारांत लोहारही आहे आणि चांभारही. एकाने पाते करायचे, दुसऱ्याने कातडे शिवायचे. माझ्या लेखात हे दोघेही येणार आहेत.

माझ्या हातून उतरलेले पाणी

लोहारमामांच्या भट्टीवर मी गेले ती एक चूक घेऊन. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी आईवडिलांबरोबर फडावर जाणार होते. जाण्याआधी आईच्या कोयत्याला धार लावून द्यावी म्हणून मी तो बाजारातल्या विजेच्या चाकावर नेला. ठिणग्यांचा पाऊस पडला, धार चकाकली आणि धारेलगत एक सुंदर निळी झाक उमटली. ती झाक पाहून मी खूश झाले होते! फडावर दुसऱ्याच दिवशी, दोन सऱ्या तोडून होतात न होतात तोच धार दुमडली. आईने कोयता उन्हात धरून पाहिला आणि एवढेच म्हणाली, "पाणी उतरलं याचं." त्या दिवशी तिने उसना कोयता घेतला. तो तिच्या हाताला जड होता. आमच्या मोळ्या कमी भरल्या आणि त्याचे पैसेही कमी भरले.

'पाणी उतरणे' हा शब्दप्रयोग मी मराठीच्या तासाला शिकले होते. 'पाणीदार' माणूस, 'पाणी जोखणे', 'पाणी दाखवणे' हे सारे मला परीक्षेपुरते येत होते. ते पाणी मुळात लोहाराच्या डोणीतले आहे, हे मला त्या दुमडलेल्या धारेने शिकवले.

पाते कसे घडते

आमच्या गावचे लोहारमामा कोयत्यासाठी नवे लोखंड आणत नाहीत. नगरच्या भंगार बाजारातून ते ट्रकच्या कमानीचे जुने पाटे आणतात. वर्षानुवर्षे ओझ्याखाली वाकून पुन्हा सरळ होणारे हे पोलाद असते. साध्या लोखंडी गजात कर्ब फारच थोडा असतो, म्हणून तो कितीही तापवून पाण्यात बुडवला तरी म्हणावा तसा कडक होत नाही. कमानीच्या पाट्यात शंभर भागांत सुमारे अर्धा भाग कर्ब असतो. एवढा अर्धा टक्काच गज आणि कोयता यांत फरक पाडतो. जुनी माणसे अशा पोलादाला 'तिखं' म्हणत. पूर्वी पोलाद महाग होते तेव्हा मऊ लोखंडाच्या पात्याला फक्त धारेपुरते तिखे जोडीत.

भट्टी पहाटे पेटते, आणि ती नेहमी आडोशाला, छपराच्या अंधारात असते. मला वाटले, उन्हाचा त्रास नको म्हणून असेल. मामा म्हणाले, "उन्हात लोखंडाचा रंग दिसत न्हाई, पोरी. अन् रंग दिसला न्हाई तर लोहार आंधळा." लोहाराला तापमापक नाही, रंग हेच त्याचे अंक. गुंजेसारखा लाल रंग आला तर अजून थांबायचे. शेंदरी झाला, पिकल्या संत्र्यासारखा झाला, की ऐरणीवर घ्यायचे. पांढरा होऊन ठिणग्या फुलू लागल्या तर लोखंड जळाले, टाकून द्यायचे. पुन्हा लाल पडू लागले की हातोडा थांबवायचा. थंड पोलादावर घण मारला तर आत चीर पडते आणि ती चीर फडावर उघडी पडते.

पूर्वी कातड्याचा भाता होता, आता हाताने फिरवायचा पंखा आहे. तो फिरवण्याचे काम मला मिळाले. मुलीने भट्टीवर बसावे याचे गावात एक-दोघांना नवल वाटले; पण रस्त्याकडेला पाल टाकून राहणाऱ्या घिसाडी समाजाच्या बायका डोक्यावरून घण उचलून मारतात, हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मग पंख्याचे नवल कशाला?

सांडशीने धरलेला पाटा मामा छिन्नीने तापल्यातापल्या कापतात. मग एका टोकाला मुठीत जाणारी निमुळती शेपटी काढतात आणि उरलेल्या भागाचे पाते. येथे एक गंमत आहे. धारेची बाजू ठोकून पातळ केली की ती लांबते आणि सबंध पाते पाठीकडे वाकते. आमच्याकडच्या कोयत्याचे टोक तर धारेकडे वळलेले हवे. म्हणून मामा आधीच पात्याला हवा त्यापेक्षा अधिक बाक देतात. धार ठोकता ठोकता तो बाक उलगडत जातो आणि शेवटी हवा तेवढाच उरतो. कुठेही आखणी नाही, मोजपट्टी नाही. तयार झालेला कोयता मी मोजला: पाते अकरा इंच, पुढच्या बाजूला रुंदी तीन इंचांच्या आत, पाठ जाड आणि धारेकडे सारखा उतार.

घडलेले पाते पुन्हा लाल करून राखेत पुरतात. रात्रभर ते सावकाश निवते आणि घणाने आलेला ताण निघून जातो. सकाळी कानस सहज चालते.

पाणी देणे

आता खरी परीक्षा. पाते पुन्हा तापवायचे, यावेळी धारेच्या बाजूने, सारखे, शेंदरी होईपर्यंत. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांनी मला एक युक्ती सांगितली होती: सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड चुंबकाला ओढले जाणे थांबते, पाते त्याच्या थोडे पुढे गेले की ते पाण्याला तयार. मी जुन्या स्पीकरमधले चुंबक तारेला बांधून नेले होते. मामांनी "आता" म्हटले आणि मी चुंबक टेकवून पाहिले. ते चिकटले नाही. तीन वेळा पाहिले, तिन्ही वेळा मामांचा डोळा बरोबर होता. चौथ्या वेळी मी चुंबक खिशात ठेवून दिले.

मग मामा सगळे पाते बुडवत नाहीत. फक्त धारेकडची बोट-दीड बोट पट्टी पाण्यात धरून पुढेमागे हलवतात. पाठ लालच राहते. असे का? एकदम निवलेले पोलाद काचेसारखे कडक होते, आणि काचेसारखेच ठिसूळ. सगळा कोयता तसा झाला तर उसाच्या बुडख्याला दगड लागताच त्याचे दोन तुकडे होतील. म्हणून धार कडक, पाठ चिवट.

पण धारही थोडी कमी कडक करावी लागते. पाण्यातून काढल्याबरोबर मामा धारेलगत विटेचा तुकडा घासून चकाकी काढतात आणि वाट पाहतात. पाठीत उरलेली धग हळूहळू धारेकडे सरकते आणि त्या चकाकीवर रंग चालू लागतात: आधी गव्हाळी, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. गव्हाळी म्हणजे सुमारे २२० अंश, तपकिरी २६०, जांभळा २८०, निळा ३०० च्या आसपास. वस्तऱ्याला गव्हाळीवर थांबवावे, कारण त्याला फक्त केस कापायचे. कोयत्याला धक्के खायचे, म्हणून तपकिरीवर जांभळी छटा येऊ लागताच मामा पाते पुन्हा पाण्यात टाकतात. हे सारे काही क्षणांत घडते. पापणी लवली तर गेले.

आता वाचकांच्या लक्षात आले असेल की, माझ्या हौशी धारेवर उमटलेली ती सुंदर निळी झाक म्हणजे काय होते. विजेच्या चाकाने धार तीनशे अंशांवर नेली होती. मामांच्या एका क्षणाचे काम मी एका मिनिटात पुसून टाकले होते. म्हणून कोयत्याची धार निसण्यावर, पाणी लावून, हातानेच परजावी. वेळ लागतो, पण पाणी उतरत नाही.

मूठ बाभळीची. तिला आधी लहान भोक पाडतात, तोंडाला लोखंडी साम चढवतात म्हणजे ती फाटत नाही, आणि मग शेपटी लाल करून आत दाबतात. ती स्वतःची जागा जाळून करून घेते. आईची मूठ मामांनी मुद्दाम बारीक केली. "बाप्याच्या हाताची मूठ बाईला दिली तर सांजच्याला बोटं मिटत न्हाईत," ते म्हणाले. बाजारच्या कोयत्याला एकच मूठ असते.

म्यान का हवे?

येथपर्यंत सारे पूर्वीपासून चालत आलेले. यापुढचे मात्र आमच्याकडे नव्हते. तलवारीला म्यान असते, कट्यारीला असते, न्हाव्याच्या वस्तऱ्याला घडी असते. कोयत्याला काही नसते. फाटक्या लुगड्यात किंवा गोणपाटात गुंडाळून तो बोचक्यात खुपसतात.

गेल्या वर्षी निघालो तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, कोंबड्या आणि आम्ही माणसे असे सगळे एकावर एक होतो. रात्री एका खड्ड्यात ट्रॉली आपटली आणि गोणपाटातून कोयता निसटला. माझा दहा वर्षांचा भाऊ शेजारी झोपला होता. त्याच्या पोटरीला सात टाके पडले. तो लवकरच बरा झाला. पण ज्या कोयत्यावर त्याचे पोट चालते त्याच कोयत्याने त्याला कापावे, ही गोष्ट माझ्या मनातून जाईना. धार लावायला आपण इतकी माणसे राबतो, ती झाकायला कोणीच कसे नाही?

म्हणून नवा कोयता घेऊन मी तात्यांकडे गेले. तात्या चाळीस वर्षे चांभारकाम करीत आहेत. त्यांनी कोयता उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "हे सुरीसारखं सोपं न्हाई. याचं तोंड रुंद अन् मान बारीक. वरून घालशील तर जायचं न्हाई." अगदी खरे होते. सुरी मागून पुढे निमुळती होत जाते, म्हणून ती म्यानात सरकते. कोयता पुढे रुंद आणि वळलेला. तेव्हा म्यान पाठीच्या बाजूने उघडे ठेवायचे, कोयता बाजूने आत बसवायचा आणि वरून दोन पट्टे बांधायचे, असे ठरले.

कातडे म्हशीचे घेतले, आणि तेही सालीत कमावलेले. तरवड, बाभळीची साल, हिरडा यांच्या पाण्यात मुरलेले कातडे कडक व दमदार असते, ओले करून दाबले तर आकार धरून ठेवते. पर्सचे मऊ कातडे क्षारांत कमावलेले असते. ते आकार धरत नाही आणि पात्याला गंज चढवते.

मी वर्तमानपत्रावर कोयता ठेवून पेन्सिलीने आकार काढला, धारेच्या बाजूला अंगठाभर जागा सोडली आणि तात्यांच्या रापीने दोन तुकडे कापले. रापी हीदेखील लोहाराचीच घडण. चांभाराचे हत्यार लोहार करतो आणि लोहाराच्या पायातले जोडे चांभार करतो! दोन्ही तुकडे एकमेकांवर ठेवून मी आरीने भोके पाडली आणि शिवून टाकले. मोठ्या अभिमानाने कोयता आत घातला, तो धारेने निम्मे टाके कापून बाहेर डोकावला.

तात्या हसले. "धार पोटात घ्यायची तर आधी पोट पाहिजे," म्हणाले. मग त्यांनी बोटभर रुंदीची एक पट्टी कापून दोन तुकड्यांच्या मध्ये ठेवली. आता धार त्या पट्टीवर टेकते, टाक्यांपर्यंत पोहोचतच नाही. म्यानाचे सारे रहस्य या न दिसणाऱ्या पट्टीत आहे.

दुसऱ्यांदा मी पाव इंचावर एक अशी खुणा केल्या. धार आणि टोक मिळून चौदा इंच. म्हणजे छप्पन्न भोके. दोऱ्याला मेण लावले, दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून नेल्या. या शिवणीत एक दोरा तुटला तरी दुसरा धरून राहतो. नंतर म्यान कोमट पाण्यात भिजवले, कोयत्याला तेल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आत बसवला, अंगठ्यांनी दाबून दाबून आकार दिला आणि सावलीत दोन दिवस वाळवले. उन्हात वाळवले तर कातडे तडकते. कडांना चिंचोक्याची खळ लावून लाकडाने घासल्या, वरून एरंडेल चोळले. एक पथ्य मात्र कायमचे: फडावरून आल्यावर कोयता पुसून कोरडा केल्याशिवाय म्यानात घालायचा नाही, आणि हंगाम संपला की म्यानाबाहेर ठेवायचा; नाहीतर कातड्यातला ओलावा पाते खातो.

गावात एकाने आजीला विचारले, "तुमच्या घरातली पोर कातड्याचं काम करती व्हय?" आजी म्हणाली, "पायात घालताना न्हाई इचारलंत कुणी केलं ते." तो विषय तिथेच संपला.

शेवटी

कोयता हे शेतीचे अवजार आहे. शस्त्रांच्या नियमांतदेखील नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख करताना घरगुती व शेतीच्या हत्यारांना वेगळे ठेवले आहे. कायद्याने ओळखलेला हा फरक आपण बोलतानाही ओळखावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

लोहारमामांची मुले भट्टीवर येत नाहीत. तात्यांचा मुलगा तालुक्याच्या गावी दुकानात कामाला आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. लोहारकाम व चर्मकाम दोन्ही त्यांत येतात, आणि हत्यारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. मी दोघांनाही त्याची माहिती सांगितली आहे. फडांवर आता ऊस तोडणारी यंत्रेही येऊ लागली आहेत. उद्या कोयता जाईल, आणि त्याचे मला दुःख होणार नाही. माझ्या आईची कंबर सरळ होईल. पण कोयत्याबरोबर 'कोयता' म्हणून मोजलेली माणसेही मोजणीतून जाऊ नयेत, एवढी काळजी मात्र वाटते.

यंदा दसऱ्यानंतर आमची टोळी निघाली तेव्हा ट्रॉलीत चार कोयते म्यानात होते. तीन म्याने मी शिवलेली, एक तात्यांनी आपणहून शिवून दिलेले. भाऊ त्यांच्यावरच डोके ठेवून झोपला. आईने म्यानावरून हात फिरवला आणि म्हणाली, "कोयत्याला चांगलं पक्कं घर केलंस. आपली कोपी अजून पाचटाचीच हाय." ती हसत होती. मी हसले नाही. मला अजून दोन वर्षे शिकायचे आहे.